प्रवाळांच्या टाकीत एंजल मासा घ्यायचा तर कोणता?

तुमची टाकी ४ बाय २ बाय २ फुटांची, म्हणजे काठोकाठ भरली तर ४५० लिटरची. दगड आणि वाळूची जागा वजा केली तर पाणी त्याहून बरंच कमी. सुरू करून १४ महिने झालेत. आत कोरल, म्हणजे प्रवाळ, असे: दोन टॉर्च, एक हॅमर, मधोमध वाळूवर ठेवलेला मोठा ट्रॅकिफिलिया, झोआंचे तीन-चार दगड आणि एक लेदर. मासे म्हणजे क्लाऊनची जोडी, पाच क्रोमिस, एक यलो टँग आणि एक सिक्स-लाइन रास. कोरलला अजिबात तोंड न लावणारा एंजल कोणता, असं तुम्ही विचारलंय. दुकानदार म्हणतो, 'कोरल ब्यूटी (हा एक छोटा एंजल) घ्या, बिनधास्त रिफ-सेफ आहे,' म्हणजे कोरलला त्याचा धोका नाही.

कोरल ब्यूटी वाईट मासा नाही. माझं भांडण त्या 'बिनधास्त'शी आहे. गेली सतरा-अठरा वर्षं मी खाऱ्या पाण्याच्या टाक्या सांभाळतोय, स्वतःच्या आणि लोकांच्याही. एका टाकीत वर्षानुवर्षं शहाण्यासारखा राहिलेला एंजल दुसऱ्या टाकीत आठवड्यात झोआंचा फडशा पाडतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून जातीचं नाव नंतर बघू. आधी टाकीतला एकेक कोरल बोटांवर मोजा आणि ठरवा, यातला कुठला गेला तर चालेल आणि कुठला गेला तर जीव हळहळेल. तुमच्या यादीत गाडी ट्रॅकिफिलियापाशी अडते. का, ते सांगतो.

एंजल म्हणजे पोमाकँथिडी कुळातले मासे, जवळजवळ ९० जाती. लहानपणी घरोघरी गोड्या पाण्याच्या टाकीत जो त्रिकोणी एंजल असायचा, त्याचा यांच्याशी काडीचा संबंध नाही. तो ॲमेझॉनच्या खोऱ्यातला सिक्लिड. यांचे खरे भाऊबंद बटरफ्लायफिश. दोघांत फरक ओळखायचा तर गालाकडे बघा: एंजलच्या कल्ल्याच्या झाकणावर मागे वळलेला एक काटा असतो, बटरफ्लायला तो नसतो. हा काटा लक्षात ठेवा, पुढे त्याचं काम आहे.

समुद्रात यातले बरेच मासे स्पंज खातात, दगडाला चिकटलेले ट्युनिकेट, म्हणजे पिशवीसारखे मऊ जीव, खातात, शेवाळाचा पातळ थर खरवडतात. बारीक दातांचं आखूड तोंड आणि दिवसभर टोचत फिरायची सवय. निव्वळ कोरलवर जगणारे फार थोडे. पण तुमच्या टाकीत स्पंज असून असून किती असणार? मूठभर. तो महिन्याभरात संपला की समोर उरतो काय, तर शेवाळाचे दोन डाग आणि मऊ, फुगलेला, वरून चिकट स्राव सोडणारा ट्रॅकिफिलिया. मासा कोरल खायला निघालेला नसतो, तो सवयीने टोचत असतो. मग एका टोचणीत चव लागते आणि चव लागलेल्या मांजराला दुधापासून कोण आवरणार? ट्रॅकिफिलिया, लोबोफिलिया, अकान, स्कोलिमिया या मांसल कोरलना सगळ्यात आधी फटका बसतो तो यामुळे. झोआंचा नंबर त्यांच्या मागे. टॉर्च आणि हॅमरचा डंख जोरदार असल्याने त्यांच्या वाटेला मासे सहसा जात नाहीत, आणि लेदर बहुतेकांना आवडत नाही.

मोठ्या एंजलचा विषय एका परिच्छेदात संपवतो. एम्परर दुकानात तीन इंचांचा, गडद निळ्या अंगावर पांढरी वर्तुळं घेऊन बसलेला असतो आणि माणूस वेडा होतो. तोच मासा पुढे ४० सेंटिमीटरचा होतो. आपल्या हिंदी महासागरातला ब्लू-रिंग, म्हणजे पोमाकँथस ॲन्युलॅरिस, त्याहूनही मोठा होतो. परदेशात हजारो लिटरच्या एसपीएस (बारीक तोंडांच्या दगडी कोरलच्या) टाक्यांत लोक एम्परर ठेवतात आणि ते साधतंही, कारण तिथे कोरल इतके असतात की चार ठिकाणची टोचणी कळत नाही. तुमच्या टाकीत ती लगेच कळेल. रीगल एंजलचंही तेच, वर त्याला खायला शिकवणं हे वेगळंच प्रकरण. सोडून द्या.

आता छोटे, सेंट्रोपायज. तीसच्या वर जाती आणि बहुतेक १० ते १५ सेंटिमीटरच्या आतल्या. दुकानदार सांगतोय ती कोरल ब्यूटी यातलीच, सेंट्रोपायज बायस्पिनोसा. स्वस्त, काटक, जांभळ्या अंगावर केशरी. फ्लेम म्हणजे लोरिक्युला, लाल-केशरी अंगावर काळे उभे पट्टे, भावाला बराच चढा. माझ्या अनुभवात कोरलशी नीट वागायची शक्यता या दोघांत बरी. कॅरिबियनमधला चेरब आणि पूर्व आफ्रिकेतला फ्लेमबॅक हे तर जेमतेम ८ सेंटिमीटरचे, तोंड इवलंसं, त्यामुळे नुकसानही इवलंसं. पण चेरबच्या अंगात मस्ती इतकी की त्याच्याहून दुप्पट मासा कोपऱ्यात जाऊन बसतो. लेमनपील आणि बायकलर मात्र मी कोरलच्या टाकीत कुणाला सुचवत नाही. बायकलर दिसतो झकास, अर्धा पिवळा अर्धा निळा, पण एकतर टाकीत खात नाही आणि खायला लागला तर तुमचे कोरल खातो.

फ्लेमची माझी स्वतःची गोष्ट सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एक फ्लेम घेतला. १४ महिने त्याने कशालाही तोंड लावलं नाही. मी लोकांना बोलावून दाखवायचो की बघा, एंजल आणि अकान एकाच टाकीत. मग एका उन्हाळ्यात मला कामासाठी आठवडाभर बाहेर जावं लागलं. घरच्यांना सांगून गेलो होतो की दिवसातून एकदा चिमूटभर खाणं टाका. एरवी त्याला तीनदा मिळायचं. परत आलो तर दोन अकान हाडापर्यंत सोललेले. त्यानंतर दिवसातून पाच वेळा खाणं देऊनही त्याची सवय गेली नाही. त्याला पकडायला मला ११ दिवस लागले आणि त्या धांदलीत दगडांची एक कमान कोसळून टॉर्चचं एक डोकं तुटलं ते निराळंच. दोष माशाचा नव्हता. १४ महिने पोटभर खाणारा मासा मी आठवडाभर उपाशी ठेवला होता.

म्हणून छोट्या एंजलच्या बाबतीत 'रिफ-सेफ आहे का' याचं उत्तर हो किंवा नाही असं देता येत नाही. तो जुगार आहे, आणि खेळायचा असेल तर हरायची रक्कम आधी ठरवून खेळावा. लेदर, मशरूम, झेनिया आणि टॉर्च-हॅमर इतकाच पसारा असता तर मीही म्हटलं असतं, घ्या कोरल ब्यूटी. मोठा ट्रॅकिफिलिया मधोमध असताना नाही म्हणतो. त्यात आपल्या समुद्रातले दगडी प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, ते काढताही येत नाहीत आणि विकताही. दुकानात दिसतो तो माल बाहेरून आलेला असतो, निदान तसाच असायला हवा, आणि त्याचं बिल मागून घ्यायला लाजू नका. सांगायचा मुद्दा, गेलेला ट्रॅकिफिलिया पुढच्या रविवारी बाजारात जाऊन आणता येईल अशी ती वस्तू नाही.

राहिला तिसरा गट, आणि तुमच्यासाठी माझं उत्तर त्यातच आहे: जेनिकँथस. एकूण १० जाती. हे मासे दगडावर टोचत फिरत नाहीत. प्रवाळाच्या भिंतीसमोर, मोकळ्या पाण्यात, प्रवाहाबरोबर येणारा प्लवक वेचून खातात. शेपटी लांब, चंद्रकोरीसारखी, अंग एंजलच्या मानाने निमुळतं. ज्याचं जेवण पाण्यात तरंगत येतं त्याला कोरलकडे बघायचं कारणच नाही. शंभर टक्के खात्री माशाच्या बाबतीत कुणी देऊ नये, पण एंजलमध्ये इतकी जवळची खात्री दुसऱ्या कुणाची देता येत नाही.

यात नर आणि मादी रंगावरून वेगळे ओळखू येतात, जे बाकीच्या एंजलमध्ये फारसं होत नाही. आणि सगळे आधी मादी असतात. नर नसला की थोराड मादी काही आठवड्यांत नर बनते. यातल्या बेलस या जातीची मादी नराहून देखणी, पांढऱ्या अंगावर काळे आणि निळे पट्टे. तिच्यासाठी पैसे मोजावेत आणि ती एकटी असावी, तर सहा महिन्यांनी टाकीत वेगळाच मासा दिसायचा. एका ओळखीच्या गृहस्थांनी दुकानदाराला 'मासा बदललात' म्हणून फोन केला होता! मादी मादीच राहावी असं वाटत असेल तर सोबत नर हवा. दोन नर मात्र एका टाकीत नकोत.

तुमच्या आकारात काय बसेल? जेनिकँथसमधला लामार्क सगळ्यात सहज मिळतो आणि प्रवासही बरा सोसतो, पण तो २० सेंटिमीटरच्या पुढे जातो आणि दिवसभर पोहणारा मासा आहे. ४ फुटांत त्याला येरझाऱ्या घालाव्या लागतील. ६ फुटांची टाकी असती तर मी त्याचंच नाव घेतलं असतं. मेलानोस्पिलसही साधारण त्याच मापाचा. नराच्या अंगावर झेब्र्यासारखे पट्टे, मादी वरून पिवळी आणि पोटाकडे फिकट निळी. हवाईतला मास्क्ड एंजल फोटोत बघावा, त्याचा भाव लाखांत जातो. तुमच्यासाठी उरतात वातानाबे आणि बेलस. वातानाबे १५ सेंटिमीटरच्या आसपास थांबतो, बेलस थोडा मोठा. माझी पसंती वातानाबेच्या जोडीला, एक नर आणि एक मादी. जोडी मिळत नसेल तर दोन लहान माद्या घ्या, त्यातली एक नर होईल आणि भांडणही कमी होईल.

पण त्यांचीही एक गोम आहे. हे दोघं खोल पाण्यातले. बेलस तर बरेचदा ५० मीटरच्याही खाली राहतो. या माशांच्या वाताशयाला, म्हणजे पोटातल्या हवेच्या पिशवीला, घशाशी जोडणारी नळी नसते, त्यामुळे वर येताना फुगलेली हवा ढेकर देऊन बाहेर टाकता येत नाही. पकडणाऱ्याने घाई केली, टप्प्याटप्प्याने थांबत वर आणलं नाही, की वाताशयाला इजा होते. असा मासा दुकानात ओळखता येतो: डोकं खाली, शेपटी वर, पृष्ठभागाकडे ओढला जातोय आणि खाली राहायला सतत पंख मारतोय. कधी पोट फुगलेलं दिसतं. 'दोन दिवसांत बरा होतो साहेब' असं कुणी म्हटलं तर म्हणा, दोन दिवसांनी येतो.

दुकानात निदान अर्धा तास उभं राहा. दुकानदाराला तुमच्यासमोर खाणं टाकायला सांगा आणि मासा नुसता तोंडात घेऊन थुंकतोय की गिळतोय ते बघा. पाठीचा भाग डोळ्याच्या वर धारदार दिसत असेल तर मासा कित्येक दिवसांचा उपाशी आहे. श्वास मोजा, कल्ले भात्यासारखे चालत असतील तर कल्ल्यांत परजीवी असायची शक्यता मोठी. आलेल्या दिवशीच मासा कधीच उचलू नका, आगाऊ पैसे देऊन आठवडाभर दुकानातच ठेवायला सांगा. मी एकदा हा नियम मोडला. एका दुकानातून, नाव सांगत नाही, खोकं उघडल्या उघडल्या बेलस आणला. तिसऱ्या दिवशी मासाही गेला आणि पैसेही.

एक गंमत, एंजल घेताना माहीत असलेली बरी. काही सर्जनफिशची, म्हणजे टँगची, पिल्लं छोट्या एंजलची हुबेहूब नक्कल करतात. हिंदी महासागरात एका टँगची पिल्लं आयबलच्या एंजलसारखी दिसतात, पॅसिफिककडे दुसऱ्या एकाची लेमनपीलसारखी. ओळखायची खूण तीच, गालावरचा काटा. टँगला तो नसतो. त्याचा काटा शेपटीच्या बुडाशी. स्वस्तात मिळालेला 'लेमनपील' वर्षभरात तपकिरी टँग झाला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

आणि याच काट्यापायी एंजलला जाळीने पकडू नये. काटा जाळीत अडकतो, मासा झटापट करतो आणि गाल फाटतो. मासा प्लास्टिकच्या पारदर्शक डब्यात हाकून घ्यावा. दुकानदारालाही तसंच सांगा.

घरी आणल्यावर थेट मोठ्या टाकीत नाही. वेगळ्या टाकीत निदान चार आठवडे. एंजलवर चपटे परजीवी, म्हणजे फ्लूक, फार असतात आणि ते बहुधा पारदर्शक असल्याने दिसत नाहीत. तापमान आणि पीएच जुळवलेल्या गोड्या पाण्यात पाचेक मिनिटं मासा ठेवला की ते पांढरे होऊन खाली गळतात. मासा डगमगला तर लगेच काढायचा. फ्लूकवर प्राझिक्वांटेल, पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध. एंजलला तांबं चटकन झेपत नाही, म्हणून मात्रा तीन-चार दिवसांत हळूहळू चढवा आणि टेस्ट किटने रोज मोजा. बाटली नीट वाचा: बाजारात तांब्याचे दोन प्रकार मिळतात आणि त्यांच्या मात्रेत चार-पाच पटींचा फरक असतो. कोरलच्या टाकीत तांब्याचा थेंबही जाता कामा नये, त्या बादल्या आणि नळ्याही वेगळ्या ठेवा.

क्वारंटाइनचे हे चार आठवडे म्हणजे खाणं शिकवायची शाळा समजा. जेनिकँथसला सुरुवातीला गोठवलेले मायसिस आणि आर्टेमिया (दोन्ही कोळंबीसारखे बारीक जीव), पाण्यात तरंगत जातील असे द्या. तळाला पडलेलं ते सहसा उचलत नाहीत. मग हळूहळू बारीक गोळी मिसळत जा. दिवसातून तीन वेळा थोडं थोडं, एकदाच भरपूर नाही. छोटा एंजल घेतलाच तर त्याला नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), स्पिरुलिना आणि स्पंज घातलेलं गोठवलेलं खाणं लागतं. नोरी सुशीवाली चालते, फक्त तेल, मीठ, मसाला नसलेली बघून घ्या. गावाला जाणार असाल तर ऑटोफीडर लावा, माझा फ्लेम आठवून. खाणं वाढलं की नायट्रेट आणि फॉस्फेटही वाढणार, तेव्हा स्किमर, म्हणजे फेसातून घाण काढणारं यंत्र, कुरकुरत असेल तर आधी तो दुरुस्त करा.

पाण्याचं फार लांबवत नाही, तुमचे टॉर्च फुललेले आहेत म्हणजे क्षारता आणि अल्कलिनिटी ठीकच आहे. एकच विचारतो, चिलर आहे का? एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे टाकी सहज ३० अंशांच्या पुढे जाते. खोल, थंडसर पाण्यातून आलेला मासा त्या उकाड्यात आणि कमी ऑक्सिजनमध्ये तग धरत नाही. २५-२६ अंश आणि वीज गेल्यावर निदान एक पंप बॅटरीवर चालेल अशी सोय, इतकं नसेल तर वातानाबे पुढच्या दिवाळीनंतर घ्या. टाकीला वरून बारीक जाळीही हवी. घाबरला की जेनिकँथस उडी मारतो आणि सकाळी तो फरशीवर सापडतो.

सोबतच्या माशांचं बोलू. क्लाऊन आणि क्रोमिसची अडचण नाही. क्रोमिस उलट मदतच करतात. ते मोकळ्यावर निवांत फिरताना दिसले की नव्या एंजलला धीर येतो. यलो टँग नव्या पाहुण्यावर शेपटी उगारणार, म्हणून एंजलला पहिले चार-पाच दिवस टाकीतच भोकं पाडलेल्या पारदर्शक पेटीत ठेवा. त्याला डांबल्यासारखं वाटेल, वाटू दे. पेटीबाहेर टँग दोन दिवस नाचेल आणि कंटाळेल. पेटी उघडायची ती संध्याकाळी, दिवे मंद करून. खोल पाण्यातल्या माशाला तसाही तुमच्या दिव्यांचा भडिमार सुरुवातीला सोसत नाही, आठवडाभर उजेड कमी ठेवला तर कोरलचं काही बिघडत नाही.

जेनिकँथस आणून तुम्हाला पुढे कधी कोरल ब्यूटीही हवीशी वाटली तर दोघांचं आपसात जमतं, दोघांच्या खाण्याच्या जागा वेगळ्या आहेत; ट्रॅकिफिलियाचा जुगार मात्र तसाच राहतो. दोन सेंट्रोपायज मात्र या मापाच्या टाकीत एकत्र नकोत.

आणि एखाद्या सकाळी ट्रॅकिफिलिया मिटलेला दिसला तर लगेच एंजलच्या नावाने बोटं मोडू नका. टाकीसमोर तुम्ही उभे असताना मासे फक्त खाण्याची वाट बघतात. फोन उभा करून दोन तासांचं चित्रण करा आणि मग बघा. मी तीनदा असं केलं. एकदा एंजल निघाला, एकदा पेपरमिंट कोळंबी, आणि एकदा कुणीच नाही, अल्कलिनिटी घसरली होती. नवा फ्रॅग, म्हणजे कोरलचा कापलेला तुकडा, चिकटवल्यावर पहिले दोन-तीन दिवस त्याला कुणी टोचलं तर तेही मनावर घेऊ नका. जखमेतून स्राव येत असतो, त्याचा वास घ्यायला सगळेच येतात.

राहिला तुमचा सिक्स-लाइन रास, आणि खरं सांगायचं तर माझी काळजी एंजलपेक्षा त्याचीच जास्त आहे. तीन इंचांचा, दिसायला गोड आणि नव्या माशाचा पिच्छा सोडत नाही. वातानाबे लाजाळू असतो. पहिल्या आठवड्यात हा त्याला दगडाआड कोंडेल आणि तो उपाशी मरेल. त्याला आधी काढा. अॅक्रिलिकचा सापळा आणा, तीन-चार दिवस फक्त सापळ्यातच खाणं द्या, दार उघडं ठेवा, घाई करू नका. तो निघायला किती दिवस लागतात ते मला कळवा. पुढे कधी कोरल ब्यूटीचा मोह झालाच, तर तिला बाहेर काढायला निदान तितके दिवस लागतील असं धरून चाला.